दोन सूत खोल

पुढाऱ्याचं नाव अर्धा सूत खोल, देणगीदाराचं एक सूत आणि मयताचं दोन सूत, असा चाचांचा नेम होता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गवंडी आणि पाथरवट अजून त्यातच मोजतात. भोरच्या पेठेमागच्या गल्लीत त्यांचं दगडावर अक्षरं कोरायचं दुकान होतं. दुकान कसलं, घराला लागून पत्र्याची पडवी. वरच्या खोलीत मी भाड्याने राहायचे. सगळा गाव त्यांना चाचा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचे. कोनशिला, उद्घाटनाच्या पाट्या, कबरीवरचे दगड, समाधीवरचे दगड, सगळं त्यांच्याकडे यायचं. एकदा एका पुढाऱ्याच्या माणसाने पाटीवरच्या अक्षरात नख घालून पाहिलं आणि अक्षर इतकं उथळ का, म्हणून हटकलं. चाचा मान वर न करता म्हणाले, "पाच वर्सांची खोली हाय ती. परत निवडून आले तर या, आजून अर्धा सूत घालून देतो."

कुणाची आठवण आली की डोळे भरून येतात, असं लोक लिहितात. चाचांची आठवण आली की मला राग येतो. त्या रागातला मोठा वाटा माझ्या स्वतःच्या नावावर आहे, तो कसा ते सांगते.

मी ग्रामसेविका. माझ्याकडे दिलेलं गाव भोर तालुक्याच्या टोकाला, डोंगराच्या कुशीत. गावावरची खिंड ओलांडली की पलीकडे वेल्हे. एसटी दिवसातून दोनदा, तीही रस्त्याची मर्जी असेल तर. म्हणून राहायला भोर बरं पडायचं. खोली देताना चाचांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "झोप कशी हाय?" मी म्हटलं, गाढ. "मग ऱ्हावा. आमचं ठाकठूक फजरची नमाज झाली की सुरू हुतं."

ते ठाकठूक ऐकत मी सात-आठ वर्षं उठले. खाली जाऊन पाहावं तर तोंडाला ओला रुमाल, गालात गुळाचा खडा. गूळ खाल्ला की दगडाची धूळ छातीत बसत नाही, अशी त्यांची खात्री होती. डॉक्टरने साखर वाढल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी डॉक्टर बदलला. चाची माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावायच्या आणि पुन्हा गुळाचा डबा भरून ठेवायच्या.

मजकूर कोरण्याआधी ते तो तीनदा मोठ्याने वाचायचे, गिऱ्हाइकासमोर. एकदा एक मुलगा आपल्या वडिलांचा दगड करून घ्यायला आला होता. मजकुरात समाजसेवक, दानशूर, आधारवड, काय वाटेल ते. चाचांनी तीनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "म्हातारा तुमाला हाक काय मारायचा?" मुलाने मजकुराचा कागद दुमडला. मग म्हणाला, "बाळ्या." चाचा म्हणाले, "मग बाळ्याचे वडील, एवढं लिवा. बाकीचं कुणी वाचनार न्हाई, ह्ये वाचतील." मुलगा रागावून निघून गेला आणि चौथ्या दिवशी परत आला. त्याला घाई होती, वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. चाचांनी सांगितलं, "मयताला घाई न्हाई, तुमाला कसली?"

आणखी एक खोड. भूमिपूजनाच्या कित्येक कोनशिला त्यांनी कोरल्या होत्या, ज्यांच्यामागे इमारत कधी उभीच राहिली नाही. ओसाड माळावर नुसता दगड, त्यावर शुभहस्ते आणि प्रमुख उपस्थिती. वर्षातून एकदा ते जुनी मोपेड काढून अशा दगडांना भेटी देत फिरायचे. कामथडीच्या बाजूला एका दगडाला कुणीतरी म्हैस बांधत असे. चाचांनी म्हशीच्या मालकाला शिव्या घालायच्या ऐवजी त्याचे आभार मानले. "कुणाच्या तरी कामाला आला बिचारा," म्हणाले. हे मी हसून सगळ्यांना सांगायचे. तेव्हा मला ते गमतीचं वाटायचं.

खिंडीतल्या दगडांबद्दल मला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. मी त्या गावची ग्रामसेविका, आणि मला सांगायला भोरचा पाथरवट लागला, हेही लिहून ठेवते.

खिंडीत बारा वीरगळ होते. जुन्या काळी एकाच आडनावाच्या दोन घराण्यांत वतनावरून भाऊबंदकी पेटली. खिंडीपलीकडच्या खालच्या गावाने पहाटे चढून वरच्या गावावर, म्हणजे माझ्याकडच्या गावावर, हल्ला केला. वरचे पाच पडले, चढून आलेले सात. बाराही जणांचे दगड वरच्या गावानेच उभे केले. राखणाऱ्या पाचांची तोंडं पलीकडच्या उताराकडे, चढून आलेल्या सातांची गावाकडे. दगडावर नाव नाही, साल नाही. कोण कुणाचा हे फक्त दगड कुणीकडे तोंड करून उभा आहे त्यावरून कळायचं. आणि वरच्या गावाची रीत अशी, की सर्वपित्रीला निवद निघायचा तो आधी त्या सातांना आणि मग आपल्या पाचांना. गुरवाची म्हातारी हे करायची. चाचांनी तिला कधीतरी विचारलं होतं, असं का. ती म्हणाली होती, "आले मारायलाच. पर आले आपल्या दारात. दारात मेलेला उपाशी कसा जाऊ द्यायचा?"

चाचांचे वडील त्यांना लहानपणी त्या खिंडीत घेऊन गेले होते, दगड शिकवायला. "बाप म्हनला, ह्यो बघ आपला उस्ताद. बाराच्या बारा दगड एकाच हातचे. टाकीचा घाव बघ, डावीकडून तिरपा. आन घोड्याचा मागचा पाय बघ. त्याला त्यो कधी जमलाच न्हाई." चाचा सांगताना पोटभर हसायचे. बारा दगडांवर बारा घोडे आणि प्रत्येकाचा मागचा पाय वाकडा. "आपल्याकडचा घोडा वाकडा, त्यांच्याकडचाबी वाकडा. त्यानं काय दुजाभाव केला न्हाई." पुढे गुडघे गेले, खिंड चढणं बंद झालं. पण दर सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी ते मला विचारायचे, "म्याडम, निवद गेला का वर?" मी म्हणायचे, गेला असेल.

मग गावाला स्मारक हवंसं वाटलं.

शेजारच्या गावाने कमान बांधली होती, म्हणून आमच्या सरपंचांना चौथरा, ढाल-तलवार आणि वर झेंडा पाहिजे होता. स्मारक राखणाऱ्या पाचांचं. चढून आलेल्यांबद्दल बोलायला कुणी शिल्लक नव्हतं. खालचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, माणसं पांगली, त्यांची मतदान केंद्रं दुसऱ्या तालुक्यात. त्या सातांच्या मागे एकही मत नव्हतं. त्यांना कसा न्याय मिळणार होता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

नावं नव्हती, ती मिळवण्यात आली. मासिक सभेत मिळवली. मी इतिवृत्त लिहीत होते, म्हणून खात्रीने सांगते. एका वाड्यातून एक पूर्वज आला, दुसऱ्या आळीतून दुसरा. उपसरपंचांच्या घरात कुणीच पडलं नव्हतं असं कसं चालेल, म्हणून तिथलाही एक आला. कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली यावर दीड तास गेला. शेवटी यादी आठांची झाली. मी ती स्वच्छ टाइप केली, खाली गोल शिक्का मारला.

ती यादी घेऊन सरपंच चाचांच्या पडवीत आले. मी त्या दिवशी घरी होते. चाचांनी रिवाजाप्रमाणे मजकूर तीनदा वाचला. त्यात एक ओळ होती, ‘शत्रूशी झुंजताना धारातीर्थी पडलेले’. तिथे ते थांबले. मग बोटांवर मोजलं.

"दगड पाच, नावं आठ," ते म्हणाले. "तिघं न मरताच अमर झालं व्हय?"

सरपंच हसले. "चाचा, तुमी नुसतं कोरा की."

"मयताचं नाव मी दोन सूत घालतो. ह्ये मेलेलेच न्हाईत तर किती घालू? आन शत्रू कोन? त्यांचं आडनाव तुमचंच हाय की."

सरपंच उठले. पुण्यात मशीनवर एका तासात निघतं, म्हणाले, आणि गेले. चाचांनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि मला हाक मारली. "म्याडम, चौथरा बांधताना दगडांचं काय करनार ही लोकं? तुमी जागा पाह्यली का?"

मी म्हटलं, "हो, पाहिली."

"बाराच्या बारा हायती न्हवं?"

"आहेत. जागेवर आहेत."

त्यांनी मान हलवली. "तुमी पाह्यलंय म्हंजे झालं," म्हणाले आणि कामाला लागले.

मी जागा पाहिली नव्हती. पाच वर्षांत एकदाही मी ती खिंड चढले नव्हते. आणि त्याच्या आदल्याच आठवड्यात माझ्या टेबलावर बसून मी पाहणी अहवाल लिहिला होता: ‘जागेची समक्ष पाहणी केली. जागेवर काही जुने पडीक दगड असून ते हलवून जागा साफ करून देण्यात येत आहे.’ खाली माझी सही. आमच्याकडे सगळेच असं लिहितात. समक्ष पाहणी केली, हे शब्द हात आपोआप उमटवतो. पंख्याखाली बसून मी विहिरी पाहिल्यात, बंधारे पाहिलेत, शौचालयं मोजलीत. त्या दिवशी खोटं बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

उद्घाटनाला चाचा येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. टेम्पोत पुढे बसून आले, खिंडीचा शेवटचा टप्पा आपल्या भाच्याच्या खांद्यावर हात टाकून चढले. मंडप, फेटे, माईकवर पोवाड्याची रेकॉर्ड. मीही पहिल्यांदाच तिथे आले होते. सुरेख जागा होती. खाली धरणाचं पाणी, समोर डोंगर. चौथऱ्यावर पाच वीरगळ ओळीत बसवले होते, तारेच्या ब्रशने घासून, वर ऑइलपेंट मारून. घोड्यांचे मागचे पाय सोनेरी रंगवलेले. मध्ये पुण्याहून आलेला काळा ग्रॅनाइट, त्यावर ती आठ नावं.

चाचा चौथऱ्याभोवती एकदा फिरले. मग पुन्हा फिरले. माईकवर कुणाचं तरी भाषण चालू होतं. ते सरळ सरपंचांच्या खुर्चीपाशी गेले.

"बाकीचे सात कुठं हायती?"

"कुठले?"

"गावाकडं तोंड असलेले."

"ते होय," सरपंच म्हणाले. "ते शत्रूचे ना. पायात घातले चाचा. भराव लई लागला. काम बघा कसं मजबूत झालंय."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "तुमाला काय पडलंय त्याचं? तुमचं कोन हाय त्यात?"

चाचा वळले. मी त्यांना गिऱ्हाइकांवर चिडताना शंभरदा पाहिलं होतं, पण आवाज असा खाली गेलेला कधी ऐकला नव्हता. "माझा उस्ताद हाय त्यात," ते म्हणाले. मग सरपंचांना विचारलं, "दगड हलवा म्हनून सही कुनाची?"

सरपंचांनी मजेत बोट माझ्याकडे केलं. "ह्या काय म्याडम. पाहनी करूनच दिलीय जागा."

मी मान खाली घातली नाही. ती सवयही आम्हाला नोकरीत लागते. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि भाच्याच्या खांद्यावर हात टाकून उतरायला लागले. कुणीतरी त्यांच्या हातात पेढा द्यायला धावलं. त्यांनी तो घेतला नाही.

मला वाटलं, खोली सोडायला सांगतील. नाही सांगितलं. माझं पाण्याचं पिंप रोज भरलेलं असायचं. शुक्रवारी चाची वाटीतून काही ना काही पाठवायच्या. फक्त ते मला म्याडम म्हणायचे बंद झाले. जिन्यात गाठ पडली तर बाजूला होऊन म्हणायचे, "जावा, ग्रामसेविका." पाच वर्षं मी तेच पद मिरवत होते आणि त्यांच्या तोंडून ते मला ऐकवत नव्हतं.

त्या वर्षी सर्वपित्रीला मी खिंडीत गेले. कशाला गेले, मला सांगता येत नाही. गुरवाची म्हातारी टोपलीत पत्रावळी घेऊन आली होती. भात, वडे, गवारीची भाजी. तिने चौथऱ्याला एक फेरी मारली. सातांची जागा सापडेना. पायऱ्यांपाशी थांबली, मग मागे गेली, मग पुन्हा पुढे आली. रंगवलेल्या पाच दगडांपुढे ती निवद ठेवेना, कारण त्यांची पाळी नंतर होती. मला पाहून म्हणाली, "बाय, तुला ठावं हाय का, पाव्हणे कुठं हायती?" मला माहीत होतं. मी सांगू शकले नाही. शेवटी तिने सातही पत्रावळी सिमेंटच्या कडेला मातीत मांडल्या, अंदाजाने.

हे मी घरी येऊन चाचांना सांगितलं. पडवीत उभी राहून, त्यांनी विचारलं नसताना. सांगता सांगता माझा आवाज चढला. सरपंचांना नावं ठेवली, इंजिनिअरला ठेवली, ठेकेदाराला ठेवली. चाचा टाकीला धार लावत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "लई लोकांचं नाव घेतलं. एक ऱ्हायलं."

दोन महिन्यांनी त्यांनी मला खाली बोलावलं. पडवीत एक काळा पाषाण उभा होता, गुडघ्याएवढा, हाताने घडवलेला. त्यावर कोरलं होतं:

‘या चौथऱ्याच्या पायात सात दगड आहेत. ते खिंडीतून चढून आलेल्यांचे. जागा न पाहता पाहिली असे लिहून ते हलवायला सही केली ती’

आणि पुढे एक ओळ कोरी. गेरूच्या दोन रेघा मारून ठेवलेल्या.

"मी तीनदा वाचलंय," ते म्हणाले. "आता तुमी वाचा. नाव तुमी सांगाल तवा घालीन. न्हाई सांगितलं तर दगड असाच ऱ्हाईल."

मी नाही सांगितलं. निलंबन होईल, चौकशी लागेल, असं मनातल्या मनात घोकत मी दोन वर्षं त्या दगडाला वळसा घालून जिना चढले-उतरले. त्यांनी एकदाही आठवण केली नाही. दगडावर पोतं टाकलेलं असायचं आणि दर आठवड्याला कुणीतरी ते झटकलेलं असायचं. दोन वर्षं. वाकड्या पायाचा घोडा कोरणारा तो पाथरवट, ज्याचं नाव कुणालाच माहीत नाही, त्याने दोन्ही बाजूंची मढी सारखी मानली. मला माझी एक ओळ लिहववेना.

माझी बदली झाली. सामान टेम्पोत भरलं. चाचा तेव्हा खाटेवर होते, गूळ आणि धूळ दोन्हींनी आपापलं काम केलं होतं. मी पायाशी बसले आणि म्हटलं, "घाला माझं नाव."

"सबंध?"

"सबंध. वडिलांच्या नावासकट, पदासकट."

त्यांनी चाचींना उशी सरकवायला सांगितली, उठून बसले. टाकी मागितली. अकरा आठवडे लागले. मी नव्या गावाहून दर रविवारी यायचे आणि दोन-तीन अक्षरं पुढे सरकलेली असायची. पद कोरताना एक काना वाकडा गेला. त्यांनी तो बोटाने चाचपला आणि कित्येक महिन्यांनी हसले. "उस्तादाचा घोडा," म्हणाले.

दगड न्यायला गेले तेव्हा मी अक्षरात नख घालून पाहिलं. खोल होतं.

"दोन सूत घातलंय, म्याडम," ते म्हणाले. म्याडम म्हणाले. "मयताची खोली हाय. वाईट वाटून घिऊ नका. पुढाऱ्याची घातली असती तर पाच वर्सांत पुसून गेली असती."

त्याच हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या कबरीवर दगड नाही. कुणाकडून कोरून घ्यायचा, असं चाची म्हणाल्या.

गेल्या सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी मी, भाचा आणि गुरवाची म्हातारी, तिघांनी मिळून तो दगड चौथऱ्याच्या पायरीशी पुरला, तोंड गावाकडे करून. म्हातारीला वाचता येत नाही. मी तिला तीनदा वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी तिने पत्रावळी कुठे मांडल्या, ते सांगायची गरज नाही.

आठवड्याने सरपंचांचा मोबाईलवर फोन आला. चांगलेच तापले होते. "म्याडम, ह्यो काय दगड लावलाय हितं? गावाची बदनामी हाय ही. उद्याच्या उद्या काढून टाकतो."

"काढा की," मी म्हटलं. "ठराव करा. पाहणी अहवाल जोडा. जागेवरील जुना दगड हलवण्यात येत आहे, असं लिहा आणि खाली सही करा. पूर्ण नावाने."

पलीकडून फोन ठेवला गेला.

दगड अजून तिथेच आहे. मासिक सभेत तीनदा विषय निघाला, असं नवीन ग्रामसेवक सांगत होता. सही करायला अजून कुणी पुढे आलेलं नाही.